अकरा नंबरचा बिल्ला

हेर्दिसने फळीवरून हात फिरवला, डावीकडून तिसरा खिळा शोधला आणि मोकळा तळहात मागे पसरला.

"माझा बिल्ला दे, गुनवोर."

"तुमचा बिल्ला ओडवारकडे आहे," गुनवोर म्हणाली. "चार नंबर."

"तो आमचा. मला माझा हवाय."

सराईच्या मागच्या दाराशी, जिथे पाहुणे स्कीला मेण लावतात, तिथे ही फळी गुनवोरच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून होती. पाच खिळे, पाच वाटा. बाहेर पडणाऱ्याने आपल्या खोलीचा लाकडी बिल्ला आपल्या वाटेच्या खिळ्यावर अडकवायचा, परत आला की काढायचा. चार वाजता गुनवोर फळीपाशी येई, आणि एखाद्या खिळ्यावर काही उरलेलं दिसलं तर चुलीवरचं तसंच टाकून फोनला लागे. मंत्री आला तरी बिल्ला लावल्याशिवाय त्याला दाराबाहेर पाऊल टाकता येत नसे. आणि एका खोलीला एकच बिल्ला, कारण एका खोलीतली माणसं एकत्रच बाहेर पडणार असं आजेसासऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

"एक खोली, एक बिल्ला," गुनवोर म्हणाली.

"मग मी खोली बदलते."

बाकावर बसून बुटाची नाडी बांधणारा तिचा नवरा ओडवार थांबला. "हे कालच्यावरून चाललंय का?"

कालच्यावरूनच चाललं होतं. काल चढावर तो तिच्या शेजारच्या चाकोरीतून जाता जाता नेहमीसारखा बोलत होता. डावं वळण येतंय, आता सपाट, आता थोडा उतार, गुडघे मोड, काठी आत घे. अकरा वर्षांपूर्वी तिची नजर पुरती गेली तेव्हापासून तो असा बोलत आला होता आणि ती ऐकत आली होती. काल मात्र चढाच्या मध्यावर तो म्हणाला, "आता श्वास घे." हेर्दिस एक्कावन्न वर्षांची होती आणि तेवढी वर्षं ती कुणी न सांगता श्वास घेत होती. ती जागच्या जागी उभी राहिली आणि सराईत परत येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

ओडवार माणूस वाईट नव्हता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्याही पायाशी ब्रेक होता आणि तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीत ब्रेक दाबून दाबून त्याच्या उजव्या पायाला ती सवय कायमची जडली होती. हेर्दिस घरी पाव कापायला लागली तरी टेबलाखाली त्याचा पाय जमिनीवर दाबला जाई. तिला तो ऐकू येई.

"मी आज तळ्याची फेरी करणार आहे," ती म्हणाली. "एकटी."

"अकरा किलोमीटर."

"एकोणीस हिवाळे करतेय. पहिले आठ तर डोळ्यांनी केलेत."

"एकटी नाही केलीस."

"म्हणूनच."

ओडवारने गुनवोरकडे पाहिलं असावं, कारण गुनवोर घसा खाकरून कॉफीची किटली उगाच पुसायला लागली. मग तो अगदी वर्गात बोलतात तशा शांत आवाजात म्हणाला, "आणि तळ्याकडे उतरताना, म्हातारीच्या उतारावर, समोरून कोणी आलं तर?"

"त्याला डोळे असतील."

गुनवोरला हसू आलं ते तिने खोकल्यात घातलं. सत्तरी ओलांडलेली ती बाई गुडघ्याच्या दुखण्याने स्वतः तीन वर्षं स्कीवर चढली नव्हती आणि दर आठवड्याला मुलगी फोनवरून सराई विकायचा सल्ला द्यायची. ती लंगडत टेबलापाशी गेली, खण उघडला, बराच वेळ खडखड केली.

"अकरा नंबरच्या खोलीतला पाइप गोठलाय," ती म्हणाली. "खोली बंद, बिल्ला रिकामा. घे. पण चार म्हणजे चार."

हेर्दिसने बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. खोल कोरलेले दोन उभे दांडे. तिने तो तिसऱ्या खिळ्यावर अडकवला आणि तो लाकडावर आपटल्याचा आवाज तिला फार आवडला.

"ठीक आहे," ओडवार म्हणाला. "मी इथे बसतो. कॉफी पितो, वर्तमानपत्र वाचतो."

इतक्या सहजी तो कधी ऐकत नसे. पण हेर्दिसला बाहेर पडायची घाई होती.

*

बाहेर उणे नऊ होतं. अशा थंडीत काठ्या बर्फात टेकताना करकरतात, तशा त्या करकरत होत्या. अंगावर काळ्या अक्षरांत 'अंध' लिहिलेलं पिवळं जाकीट होतं. ते तिला मुळीच आवडत नसे, पण आज कटकट नको म्हणून घातलं होतं. रोज पहाटे गुनवोरचं यंत्र बर्फात दोन दोन समांतर चाकोऱ्या पाडून जाई. एकदा स्की त्या चाकोरीत बसली की ती आपणहून वळणावर वळते. फक्त कुठे जोर लावायचा आणि कुठे सोडायचा ते कळावं लागतं. जंगलात हवा जड आणि उबदार लागते, मोकळ्यावर ती गालाला चावते. पहिल्या दोन किलोमीटरांत तिला एकदाही अडखळायला झालं नाही.

तिला सर्वांत नवल वाटलं ते शांततेचं. फांदीवरून बर्फ सरकून खाली पडला तेव्हा तो कुठल्या बाजूला पडला हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तरी तिला ते कळलं. कुठेतरी एक पक्षी झाडाच्या सालीवर ठोकत होता. ती शाळेत इतिहास शिकवायची आणि वर्गात कोण खुर्चीवर मागेपुढे झुलतंय हे पाठमोरी असताना सांगायची. पोरं तिला टरकून असत. स्कीवर मात्र गेली अकरा वर्षं ती ओडवारच्या आवाजापलीकडचं काही ऐकूच शकली नव्हती. आज ती मोठ्याने गायली. बेसूर गायली. मग ओढ्यावरचा पूल आला. स्कीखालच्या फळ्या पोकळ वाजल्या आणि ती म्हणाली, "पूल," कारण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पुलापलीकडे सपाटीवर, जिथे पडण्यासारखं काहीही नव्हतं, तिथे ती पडली. चांगली आडवी झाली. तोंडात बर्फ गेला आणि तिला हसायला आलं, कारण 'मी सांगत होतो' असं म्हणणारं कोणी नव्हतं.

हसणं थांबवून ती उठायला लागली तेव्हा तिला ते ऐकू आलं. मागे, वळणाच्या आड, काठी एकदाच करकरली आणि थांबली.

ती उठली. अंग झटकलं. चार पावलं जोरात टाकली आणि एकदम थांबली. मागे पाचवं पाऊल पडलं, मग तेही थांबलं. पुन्हा सहा पावलं, पुन्हा थांबली. या खेपेला करकरीबरोबर एक बारीक 'टक्' आला. ओडवारच्या डाव्या काठीची खालची चकती नाताळपासून सैल होती आणि ती दुरुस्त कर म्हणून हेर्दिसच त्याच्या मागे लागली होती.

तिला इतका राग आला की हातमोज्यांच्या आत बोटं गरम झाली. तो तिच्या पावलावर पाऊल टाकून, तिच्या करकरीत आपली करकर लपवत येत होता. ती गात असताना तो ऐकत होता. पडली तेव्हा बहुधा त्याचा उजवा पाय बर्फात रुतला असेल. हाक मारावी असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण हाक मारली असती तर तो आला असता, माफी मागितली असती, अगदी मनापासून मागितली असती, आणि मग म्हणाला असता, आता आलोच आहे तर. आणि तिच्या शेजारच्या चाकोरीत येऊन बोलायला लागला असता.

ती तशीच चढ चढायला लागली. मुद्दाम जोरात श्वास घेत चढली.

चढ संपला की गोड वॉफल विकायची लाकडी टपरी लागते. ती फक्त शनिवार-रविवारी उघडते, पण तिच्या अंगणात बर्फ इतका तुडवलेला असतो की कुणाची खूण कुठे जाते ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पायाखालची चाकोरी संपल्याचं कळताच हेर्दिसने काठी लांब करून भिंत शोधली, भिंतीच्या कडेकडेने मागे गेली आणि सरपणाच्या ढिगाशी पाठ टेकून उभी राहिली. वर्गातून पळालेली पोरं अशीच उभी राहत असतील असं तिच्या मनात आलं. पिवळं जाकीट तिने काढून कोटाच्या आत कोंबलं.

टक्. टक्. तो अंगणात आला, थांबला. त्याला धाप लागली होती.

"हेर्दिस?" तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. मोठ्याने हाक मारायची त्याला चोरी होती. तो तर सराईत बसून वर्तमानपत्र वाचत होता.

ती ढिगाला आणखी चिकटली. तो जागच्या जागी दोनदा वळला, मग पुढच्या वाटेला लागला, आधी सावकाश, मग घाईने. टक् टक् टक् करत काठी कड्याच्या दिशेने दूर गेली. हेर्दिसने शंभर आकडे मोजले, मग आणखी पन्नास.

त्यानंतरची अर्धी फेरी तिची होती.

कड्यावर उजव्या गालाला वारा लागला. पुढे जिथे वाटा फुटतात तिथल्या खांबावरची पाटी वाऱ्यात कुरकुरते. ती ऐकू येताच तिने वेग कमी केला, चाकोरी कुठे दुभंगते ते डाव्या स्कीच्या टोकाने चाचपलं आणि उजवीकडची धरली. सरळ जाते ती लांब फेरी, दूधशिखराला वळसा घालून याच खांबापाशी परत येते. तिला त्यात चुकण्यासारखं काहीच वाटलं नाही. म्हातारीच्या उताराच्या माथ्यावर मात्र ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने गुडघे मोडले, काठ्या बगलेत घेतल्या आणि स्वतःला सोडून दिलं. वारा कानांत भरला, डोळ्यांतून पाणी ओघळलं, मधल्या वळणावर उजवी स्की चाकोरीतून निसटू पाहत होती ती तिने मांडीच्या जोरावर दाबून धरली. आणि मग सगळं सपाट झालं, आवाज पसरट झाला. ती तळ्यावर होती.

*

दोन वाजता तिने फळीवर हात फिरवून तिसरा खिळा शोधला. अकराच्या वर आणखी एक बिल्ला होता. तिने अंगठा फिरवला. चार.

ती हसत सुटली. चोरून पाठलाग करायला निघालेला माणूस जाताना फळीवर आपला बिल्ला रीतसर अडकवून गेला होता. रात्री रिकाम्या रस्त्यावरही तो लाल दिव्याला थांबायचा. गुनवोरला चकवून दाराबाहेर जाणं त्याच्या मनातही आलं नसणार. हेर्दिसने त्याच्या बिल्ल्याला धक्का न लावता स्वतःचा काढून घेतला आणि शेकोटीपाशी जाऊन बसली. तिने संत्रं सोललं. तिच्या मांड्या दुखत होत्या. असं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, आणि तो आला की त्याला काय काय बोलायचं याची ती तयारी करत होती.

तीन वाजेपर्यंत सगळी वाक्यं तयार झाली. साडेतीनपर्यंत ती शिळी झाली.

चारला गुनवोर लंगडत फळीपाशी आली. "चार नंबर बाहेर आहे," ती म्हणाली आणि तिने ओडवारला फोन लावला. तो वरच्या मजल्यावर वाजला. फोन खोलीत, पलंगावर होता. वाटेत वाजला तर पितळ उघडं पडेल म्हणून ओडवार तो ठेवून गेला होता.

हेर्दिस उठली. "माझ्यामुळे झालंय," ती म्हणाली, आणि सरपणाच्या ढिगापासून सगळं सांगितलं.

गुनवोर हसली नाही. "दुष्टपणा केलास."

"हो."

"तुझ्या जागी मी असते तर मीही केला असता. पण दुष्टपणाच." ती खिडकीशी गेली. "उणे चौदा झालंय. आणि आभाळ आलंय, चांदणंही नाही. यंत्र गावात आहे, पट्टा तुटलाय. खालच्या ओलाफला सांगते, बर्फावरची स्कूटर घेऊन येईल. पण त्याला तास-दीड तास लागेल, गाईंच्या धारा काढतोय."

हेर्दिस उभ्या उभ्या विचार करत होती. बावीस वर्षांच्या संसारात तिला ओडवारबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: आपली बायको चुकणार याची त्याला खात्री असते. टपरीपासून तो पुढे धावला. वाटेत ती दिसली नाही. खांबापाशी वाटा फुटलेल्या. आज सकाळी लांब फेरीला दोघे डॅनिश पाहुणे गेले होते आणि वाटेतल्या बसथांब्यावरून परस्पर घरी जाणार होते. त्यांच्या काठ्यांच्या ताज्या खुणा सरळ गेलेल्या असणार. ओडवारने काय ठरवलं असेल? हेर्दिस चुकली. सरळ गेली.

"तो लांब फेरीवर आहे," ती म्हणाली. "मला शोधतोय. फिरून त्या खांबापाशीच येईल, पण तोवर काळोख झालेला असेल. आणि म्हातारीचा उतार तो काळोखात उतरणार नाही. मरेल पण उतरणार नाही. वर उभा राहील."

"उभा राहिला तर गोठेल."

"म्हणून मी जाते."

"चारनंतर बिल्ला लागत नाही, हेर्दिस. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून लागलेला नाही."

हेर्दिसने खिशातून अकराचा बिल्ला काढला आणि चार नंबरच्या वर अडकवला. "त्यांना सांग मी लावला म्हणून."

गुनवोरने थर्मासमध्ये गरम सरबत ओतलं, तो हेर्दिसच्या पाठपिशवीत टाकला आणि खाली वाकून काहीतरी झटापट केली. कुत्रा नाराजीने गुरगुरला. "ह्याच्या गळ्यातला लाल दिवा आहे. पाठीला बांधते. तुझ्यासाठी नाही, ओलाफने तुला स्कूटरखाली घेऊ नये म्हणून."

*

तळं ओलांडेपर्यंत काळोख पडला होता की नाही हे हेर्दिसला कळायचं कारण नव्हतं. थंडी मात्र वाढली होती. म्हातारीचा उतार उलट्या बाजूने, स्की तिरक्या टाकत, ती चढली. पाऊण चढ झाला तेव्हा तिला हाक ऐकू आली. ती आता हलक्या आवाजातली नव्हती. घसा फाटला होता आणि तरी तो थोड्या थोड्या वेळाने तिचं नाव घेत होता, उत्तराची वाट बघत होता, पुन्हा घेत होता. हेर्दिसला गलबलून आलं. सगळा दिवस ती हाक ऐकायला कुणी नव्हतं.

"इथे आहे," ती ओरडली.

वर काठी पडल्याचा आवाज आला.

ती माथ्यावर पोचली तेव्हा त्याने तिचे दंड इतके घट्ट धरले की दुखलं. तो थरथरत होता. "कुठे लागलंय? कुठे पडलीस?"

"सपाटीवर. ते तू बघितलंयस."

त्याचे हात सैल झाले.

"दोन वाजल्यापासून मी सराईत आहे," ती म्हणाली. "शेकोटीपाशी. संत्रं खाल्लं. टपरीमागे लपले होते मी."

तिने थर्मास काढून त्याच्या हातात दिला. त्याला झाकण उघडेना, तेव्हा तिनेच उघडून दिलं.

"मी सगळी लांब फेरी केली," तो शेवटी म्हणाला. "प्रत्येक झाडाखाली बघत. मला वाटलं तू खांबापाशी..."

"माहीत आहे काय वाटलं."

"तू अशी लपून राहू शकलीस?"

"तू असा मागून येऊ शकलास?"

त्याने सरबत प्यायलं. दात कपावर वाजत होते. मग तो म्हणाला, "चल. दिवा कुठाय?"

दिवा. हेर्दिस आपली तशीच निघाली होती, आणि घाईत गुनवोरच्याही डोक्यात फक्त ओलाफ होता. "कुत्र्याचा आहे," ती म्हणाली. "पाठीला."

"त्याने वाट कशी दिसणार? हेर्दिस, मला स्वतःचा हात दिसत नाहीये. इथे थांबू. ओलाफ येईलच."

"त्याच्या धारा व्हायच्यात अजून. तू थरथरतोयस." तिने काठीने चाचपून त्याचा एक पाय, मग दुसरा चाकोरीत बसवला. स्वतः शेजारच्या चाकोरीत त्याच्यापुढे उभी राहिली. "मी बोलेन, तू ऐकायचंस. मधलं वळण डावं आहे. उजवी स्की निसटायला बघते, तेव्हा तिच्यावर उभा राहा."

"मला नाही जमायचं."

"आज दुपारी मी उतरलेय."

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच असं निघालं होतं. दोघांनीही ते ऐकलं.

"गुडघे मोड," हेर्दिस म्हणाली. "काठ्या आत. निघतोय आपण."

आणि ती निघाली. मागे क्षणभर काही नव्हतं, मग त्याची स्की सरकल्याचा आवाज आला. "सरळ आहे," ती ओरडत होती, "अजून सरळ, खाली बस, घाबरू नको, आता वळण, उजवीवर उभा राहा, उभा राहा, उभा राहा." मागे तो विव्हळला, पण पडला नाही. "झालं. आता सोड. सगळं सोड."

तिच्या जिभेच्या टोकावर आणखी तीन शब्द होते. ते तिने गिळले. त्याचा श्वास तो घेत होता.

तळ्यावर समोरून स्कूटरचा आवाज आला. ओलाफने दोघांकडे बघून विचारलं, "तर मग कोण हरवलं होतं?" त्याच्या मागे बसायला दोघांनीही नकार दिला, म्हणून तो बिचारा स्कूटर हळू चालवत सराईपर्यंत त्यांच्या मागून आला.

गुनवोर फळीपाशीच उभी होती. तिने शिव्या देऊन घेतल्या, दोघांना सारख्या वाटून, आणि मग मटण-कोबीचा रस्सा गरम करायला गेली.

*

सकाळी ओडवार मेणाच्या खोलीत बाकावर बसून डाव्या काठीची चकती पान्याने आवळत होता. त्याचा आवाज अजून बसलेला होता. हेर्दिसने फळीवर हात फिरवला आणि अकराचा बिल्ला चौथ्या खिळ्यावर अडकवला.

"चौथा म्हणजे लांब फेरी," गुनवोर म्हणाली.

"मोजता येतं मला."

"बावीस किलोमीटर आहे."

"चारच्या आत येते."

बाकावरचा पाना थांबला. हेर्दिसने तो बोलण्याची वाट पाहिली. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं, आणि ते चांगलं नव्हतं. ओडवार उठला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला मेणाचा वास येत होता. लाकडी फरशीवर त्याचा उजवा पाय एकदा दाबला गेला, तो तिला ऐकू आला.

मग त्याचा बिल्ला खिळ्यावर आपटला. तिने बोट पुढे करून चौथा खिळा चाचपला. त्यावर एकच बिल्ला होता, दोन उभ्या दांड्यांचा. चार नंबर शेजारी होता, तिसऱ्यावर.

"मी तळ्याला जातो," ओडवार म्हणाला. "मला तो उतार दिवसाउजेडी बघायचाय."

हेर्दिस स्की बांधून दाराबाहेर आली आणि काही वेळ तशीच उभी राहिली. त्याची काठी करकरत उजवीकडे गेली, तळ्याच्या बाजूला, जरा थांबली आणि पुन्हा करकरायला लागली. आता ती टक् वाजत नव्हती. मागून कोण येतंय ते यापुढे तिला ओळखू आलं नसतं. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत हेर्दिस थांबली, आणि मग डावीकडे वळली.